वाचकांचे प्रश्न : टुरिकुम, दातेरी गिअर नसलेली स्विस गाडी

प्रश्न : टुरिकुम या जुन्या स्विस गाडीला गिअर नव्हते असे वाचले. मग चढावर काय करत? रिव्हर्स कसा पडे? (वाचक, सातारा)

उत्तर : दातेरी गिअर नव्हते, पण वेग कमीजास्त करायची सोय होती, आणि ती फार देखणी होती. झुरिकच्या मार्टिन फिशरने 1904 मध्ये ही गाडी काढली. टुरिकुम हे झुरिकचेच रोमनकालीन नाव. विजेच्या घड्याळांच्या कामात फिशरचा हात आधीच बसलेला होता. त्याची पहिली गाडी एकाच माणसाची, आणि वळवायची ती पायाने, पॅडल दाबून. ती रीत पुढे सुटली, घर्षणचक्र (दात्यांऐवजी नुसत्या घर्षणाने जोर पोचवणारे चाक) मात्र राहिले.

इंजिनाच्या दांड्यावर मोठी सपाट तबकडी. तिच्या तोंडाला काटकोनात टेकलेले एक चाक, कडेला चामडे बसवलेले. हे चाक आडव्या दांड्यावर सरकते, आणि तो दांडा मागची चाके फिरवतो. चाक तबकडीच्या कडेला नेले की वेग मिळतो, मध्याकडे आणले की जोर. मध्य ओलांडला की तबकडीची बाजू उलट दिशेने जात असते, म्हणून गाडी मागे येते. चाक तबकडीपासून सुटे केले की तोच क्लच. त्या काळी गिअर बदलताना दाते करकरत आणि तुटतही. इथे चालक चढावर चाक जरासे आत सरकवी, एवढेच.

प्रश्न : डिप्लोमाच्या प्रकल्पासाठी आम्ही असेच घर्षणचक्र केले आहे. कडेला नीट चालते, मध्याजवळ घसरते आणि चामडे जळते. चाक तबकडीवर दाबणारी स्प्रिंग कडक करावी का? (विद्यार्थी गट, सांगली)

उत्तर : नुसती कडक करून भागणार नाही, आधी हिशेब करा. समजा तबकडीवर 5 न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) आहे आणि कोरड्या चामड्याचा घर्षणांक 0.3 आहे. मध्यापासून 100 मिमीवर 50 न्यूटन ओढ लागते, म्हणजे चाक तबकडीवर टेकवण्याचा दाब सुमारे 167 न्यूटन. 25 मिमीवर ओढ 200 न्यूटन होते आणि दाब 667 लागतो, चौपट! एकाच ताणाची स्प्रिंग दोन्ही ठिकाणी पुरत नाही. कडेला पुरेल एवढी ठेवली तर मध्याजवळ घसरते. मध्याला पुरेल एवढी ठेवली तर बेअरिंग कायमचे दडपलेले राहते. म्हणून दाब स्प्रिंगवर न सोडता तरफेने हाताच्या ताब्यात घ्या.

दुसरे कारण चाकाच्या रुंदीत आहे. चाक 10 मिमी रुंद असेल तर 25 मिमीवर त्याची आतली कड 20 वर आणि बाहेरची 30 वर टेकते. तबकडीचा वेग या दोन ठिकाणी दीडपट वेगळा, आणि चाक मात्र एकाच वेगाने फिरणार. तो फरक चामडे घासून भरून निघतो. चाकाची रुंदी 5 मिमी ठेवा आणि 30 मिमीच्या आत चाक नेऊच नका.

तबकडीला तेलाचा हात लागू देऊ नका. आणि चाक अडले असताना तबकडी फिरवत राहू नका, चामडे एकाच जागी जळून खळगा पडतो. मग प्रत्येक फेऱ्याला ठोका बसतो आणि चामडे बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

प्रश्न : एवढी चांगली युक्ती असून कंपनी का टिकली नाही? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : वरच्या हिशेबात याचे अर्धे उत्तर आहे. इंजिनाचा पीळ वाढला की दाबही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. हलक्या गाडीला घर्षणचक्र शोभते, मोठ्या इंजिनाला झेपत नाही, आणि गाड्या तर मोठ्याच होत चालल्या होत्या. 1908 च्या सुमारास खुद्द फिशर बाहेर पडला आणि त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. तिथे त्याने नेहमीच्या व्हॉल्व्हऐवजी सरकत्या स्लीव्हचे (सिलिंडरातल्या नळीचे) इंजिन केले, पण 1914 मध्ये तीही थांबली. टुरिकुमचा कारखाना झुरिकजवळच्या उस्टरला गेला होता. 1912 च्या सुमारास गाड्या बंद झाल्या.

घरची बाजारपेठही आखूड होती. ग्राउब्युंडन या डोंगराळ प्रांताने 1900 पासून मोटारींना बंदीच घातली होती. त्यावर लोकांनी दहा वेळा मतदान केले, तेव्हा कुठे 1925 मध्ये ती उठली.