सोनखत काढायची घाई नको

सोनखत म्हणजे मैला पूर्ण कुजून झालेलं खत. दोन शोषखड्ड्यांच्या संडासाचा पहिला खड्डा भरला की चेंबरमधून मैला दुसऱ्याकडे वळवा आणि पहिल्याच्या झाकणावर रंगाने तारीख लिहून ठेवा. घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. मग दीड-दोन वर्षं तो उघडायचाच नाही. वास लवकर जातो, पण जंतांची अंडी भलती चिवट. ही मुदत त्यांच्यासाठी आहे.

उघडल्यावर खत काळपट, भुसभुशीत हवं, चहापत्तीसारखं सुटं. चिकट लागलं तर बाहेरचं पाणी खड्ड्यात झिरपतंय. बंद करून आणखी थांबा. न्हाणीचं पाणी खड्ड्यात सोडू नका, ॲसिड तर नकोच, जिवाणू मरतात.

हातमोजे घालून आंबा, नारळाच्या आळ्यात द्या, वर माती ओढा. कोथिंबीर, मुळा असल्या कच्च्या खायच्या पिकांना मी कधीच देत नाही.

घरचे नाक मुरडतील. त्यांना सांगा, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी हेच काम आयुष्यभर प्रतिष्ठेचं मानलं.

आणि सेप्टिक टँकचा गाळ म्हणजे सोनखत नव्हे. तो कच्चाच असतो, थेट शेतात टाकू नका. उपसायला माणूस तर कधीच आत उतरवू नका.