जुन्या वस्तीतला नवा नकाशा तपासताना

जुन्या वस्तीतल्या नव्या घरांचे नकाशे तपासणाऱ्या समितीवर नवीन आलात, तर नकाशा टेबलावर पास करू नका. टेप घेऊन जागेवर जा. गल्लीकडच्या दर्शनी बाजूचं चित्र मागा. त्यात दोन्हीकडची दोन-दोन घरं एकाच मापात हवीत. एकटं घर कागदावर नेहमी देखणंच दिसतं.

खरा घोळ जोत्यात, म्हणजे घर ज्या उंचवट्यावर उभं राहतं त्यात असतो. रस्त्यावर काँक्रीटचे थर चढत जातात, म्हणून नवा मालक जोतं तीन फूट उचलतो. मग पावसाचं पाणी शेजारच्या मातीच्या भिंतीत मुरतं, पायथ्याचे पोपडे सुटतात, भिंत फुगते. म्हणून जोतं शेजारच्या ओट्याशी ताडून पाहा. स्लॅबचा पाइप कुठे सुटतो आणि शेजारच्या कवेलूचं (कौलांचं) पाणी कुठे पडतं, तेही नकाशात दाखवायला लावा. शेजारच्या भिंतीलगतचा पायाचा खड्डा एका दमात खोदू देऊ नका. तीन-चार फुटांचा तुकडा खोदायचा, भरायचा, मग पुढचा. तेही पावसाळा सोडून. जुन्या भिंतीचा पाया उथळ असतो, बाजूची माती निघाली की भिंत खचते.

छतावरची टाकी चित्रात बहुधा नसतेच, ती विचारा. ओटा काढून शटर येत असेल तर ठाम नाही म्हणा. बायामाणसांची संध्याकाळची बसायची जागाच जाते. रंगावर वाद घालू नका, तो बदलता येतो.

लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारखं केंद्रीय संरक्षित स्मारक जवळ असेल, तर आधी अंतर मोजा: १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरमध्ये वेगळी परवानगी लागते.