शाळा आणि कामाच्या जागी आत्महत्या प्रतिबंध : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : 10 सप्टेंबरला, आत्महत्या प्रतिबंध दिनानिमित्त, आमच्या माध्यमिक शाळेत व्याख्यान ठेवायचे आहे. पालक सभेत काहींनी ‘नसलेले विचार मुलांच्या डोक्यात कशाला घालता?’ असा आक्षेप घेतला. त्यांना काय सांगावे? (मुख्याध्यापक, सातारा जिल्हा)

पालकांची भीती स्वाभाविक आहे, परंतु आजवरच्या अभ्यासांत तिला आधार मिळालेला नाही. जबाबदारीने आणि मदतीचा मार्ग दाखवत विषय काढला, तर असे विचार वाढत नाहीत. ज्याच्या मनात ते आधीपासून आहेत, त्याला मात्र बोलायला जागा मिळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला आणि त्यांपैकी 1,764, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रातील होते. शाळेने मौन पाळल्याने मुले या विषयापासून दूर राहतात, असे मानायला जागा नाही. पथ्य एवढेच की मृत्यूच्या पद्धतीचे वर्णन करू नये आणि गेलेल्या व्यक्तीला धाडसी ठरवू नये.

माझा आक्षेप व्याख्यानाला आहे. युरोपातील दहा देशांतल्या 168 शाळांत, साधारण पंधरा वर्षांच्या अकरा हजारांहून अधिक मुलांमध्ये तीन पद्धती तपासून पाहण्यात आल्या : शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवणे, प्रश्नावली भरून घेऊन जोखमीतली मुले शोधणे, आणि मुलांनी स्वतः प्रसंग उभे करून, त्यांवर चर्चा करून ताण व नैराश्य समजून घेणे. 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर, वर्गात केवळ माहितीचे फलक लावलेल्या गटाच्या तुलनेत तिसऱ्या गटातील आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. पहिल्या दोन पद्धतींचा तसा स्पष्ट परिणाम दिसला नाही. त्या उपक्रमाला एकूण पाच तास लागले, पण ते चार आठवड्यांत विभागलेले होते. परिपाठानंतर सभागृहात चारशे मुले बसवून पाहुण्यांचे भाषण ऐकवण्यापेक्षा प्रत्येक तुकडीला महिनाभर आठवड्याला एक-दोन तासिका द्याव्यात, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : हे सारे शेवटी शिक्षकांवरच येणार. आम्हाला आधीच निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे आहेत. (शिक्षक, जालना)

तुमची तक्रार रास्त आहे, आणि तिला पुरावाही आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत किशोरवयीनांच्या आरोग्याचा एकच कार्यक्रम दोन प्रकारे राबवला. काही शाळांत तो शिक्षकांकडे होता, तर काही शाळांत केवळ याच कामासाठी नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांकडे. शाळेतील वातावरण, दादागिरी आणि मुलांमधील नैराश्याची लक्षणे यांत सुधारणा दिसली ती कार्यकर्ते असलेल्या शाळांत. शिक्षकांवर भार टाकलेल्या शाळांत फरक पडला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले आहेत. संस्थाचालकांकडे ही मागणी लेखी करा.

प्रश्न : नववीतील एका विद्यार्थिनीने निबंधाच्या वहीत ‘मी नसते तर घरचे सुखी असते’ असे लिहिले आहे. मी तिच्याशी काय बोलू? (वर्गशिक्षिका, सोलापूर)

आजच बोला, वर्गाबाहेर आणि मैत्रिणींच्या नजरेआड. आपल्याकडे असा प्रश्न बहुधा ‘तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ या शब्दांत विचारला जातो. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच यायला हवे, हे मुलीला आपल्या स्वरावरून कळते आणि ती तेच देते. त्याऐवजी वही समोर ठेवून शांतपणे म्हणा, ‘हे वाक्य वाचल्यापासून मला तुझी काळजी वाटते आहे. खूप त्रास होत असला की काहींच्या मनात मरून जावे असे विचार येतात. तुझ्या मनात येतात का?’ मग थांबा. उत्तर यायला वेळ लागला तरी तो भरून काढण्यासाठी घाईने बोलू नका. ‘आईवडील तुझ्यासाठी एवढे राबतात आणि तू…’ हे वाक्य तर मुळीच नको, कारण आपण घरच्यांवर ओझे आहोत असेच तिने लिहिले आहे.

‘होय’ असे उत्तर आले तर सांगितल्याबद्दल तिचे आभार माना आणि तिने काही ठरवले आहे का, केव्हा, हेही विचारा. काही ठरलेले असेल तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. ‘ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन आणि आधी तुला कल्पना देईन’ असे म्हणा. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवा. पालकांना शाळेत बोलावून, मुलीला रागावू नये, घरातील औषधे व शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे, हे स्पष्ट सांगा. त्रासाचे मूळ घरातच असेल, तर त्यांना बोलावण्यापूर्वी 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर सल्ला घ्या. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते, शिक्षकालाही तेथे मार्गदर्शन मागता येते.

पोलीस प्रकरण होईल या धास्तीने पुष्कळ शाळा आणि कुटुंबे गप्प राहतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची देखभाल व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. धास्तीपायी उपचार लांबवू नयेत.

प्रश्न : आमच्या कारखान्यात कामगारांसाठी भावनिक कणखरतेची कार्यशाळा घ्यायची आहे. एका दिवसात काय शिकवता येईल? (मनुष्यबळ अधिकारी, चाकण)

एका दिवसात श्वसनाचे दोन व्यायाम शिकवता येतील, आणि सोमवारी कामगार पुन्हा त्याच शिफ्टला येईल. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेल्या मार्गदर्शनात कामाची रचना बदलण्यावर आणि व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणावर भर आहे. सलग रात्रपाळ्या, ऐनवेळी नाकारलेली रजा, सर्वांसमोर अपमान करणारा सुपरवायझर आणि उद्या कामावर घेतील की नाही याची कंत्राटी कामगाराला असलेली चिंता, यांना कार्यशाळेने उतारा मिळत नाही. कणखरता ही केवळ कामगाराची वैयक्तिक जबाबदारी ठरवली, की खचलेला माणूस स्वतःलाच दोष देतो.

तरीही प्रशिक्षणाला जागा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथे 2008 मध्ये बांधकाम मजुरांसाठी सुरू झालेल्या उपक्रमात मजुरांपैकीच काहींना सहकाऱ्याची घालमेल ओळखणे, त्याच्याशी बोलणे आणि त्याला तज्ज्ञांपर्यंत पोहोचवणे शिकवले जाते. तुमच्याकडेही प्रत्येक लाइनवर, प्रत्येक पाळीत असे दोघे हवेत, आणि त्यांत कंत्राटी कामगार असलेच पाहिजेत. नेहमी डबा वाटून खाणारा माणूस चार दिवस एकटा बसतो, हे मनुष्यबळ विभागाच्या आधी शेजारच्या यंत्रावरच्या सोबत्याला दिसते. समुपदेशकाकडे कोण गेले ही माहिती मात्र तुमच्या विभागाकडे येता कामा नये. ती येते असा नुसता संशय आला, तरी कोणी तिकडे फिरकणार नाही.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. अपयश पचवायला त्याला कसे शिकवावे? (आई, नाशिक)

निकालाच्या आधीच, निवांत वेळी, नापास झाल्यास काय करायचे हे त्याच्याबरोबर ठरवा : पुरवणी परीक्षेचा अर्ज, इतर अभ्यासक्रम, नातेवाइकांच्या फोनला कोण उत्तर देणार. आई हे शांतपणे बोलू शकते, एवढ्यानेच त्याच्या मनातली धास्ती बरीच कमी होईल.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने आत्महत्या केली. सगळे कुजबुजत आहेत. वरिष्ठ म्हणून मी काय करावे? (वाचक, ठाणे)

कुटुंबाची संमती घेऊन सर्वांना लहान गटांत, थोडक्यात आणि खरे सांगा. कारणाचे तर्क आणि पद्धतीचा तपशील टाळा. असा मृत्यू एकाच कारणाने होत नाही, हे मात्र आवर्जून सांगा. शेजारी बसणारे, अलीकडे ज्यांचे गेलेल्या सहकाऱ्याशी खटके उडाले होते ते, आणि जे स्वतः पूर्वी अशा मनःस्थितीतून गेले आहेत, त्यांच्याशी प्रत्यक्ष बोला. पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा महिन्याने. भविष्य निर्वाह निधी, विमा आणि थकीत वेतनाची कागदपत्रे एकाच जबाबदार व्यक्तीने कुटुंबाच्या घरी जाऊन पूर्ण करून घ्यावीत, म्हणजे पत्नीला किंवा आईवडिलांना मृत्यूची हकिगत प्रत्येक टेबलावर नव्याने सांगावी लागणार नाही.