फिनलंडच्या जंगलात झाडं ओळखायला शिकताना

पहिल्याच फेरीत सगळी झाडं ओळखायची घाई करू नका. फिनलंडचं जंगल बहुतांशी पाइन, स्प्रूस आणि बर्च यांचंच आहे. बर्च पांढऱ्या सालीवरून लगेच कळतो. खरा गोंधळ पहिल्या दोघांत होतो. तेव्हा झाडाच्या उंचीवरून ठरवू नका, सुया, म्हणजे सुईसारखी पानं, बघा. पाइनच्या सुया जोडीने येतात. स्प्रूसची सुई एकेकटी; चिमटीत धरून फिरवा, चौकोनी असल्यामुळे ती सहज फिरते. लांबून बघताना खोडाच्या वरच्या भागाची साल नारिंगी दिसली, तर तो पाइन. कुठे मुद्दाम लावलेला लार्च, म्हणजे आणखी एक सुयांचं झाड, भेटेल. तो हिवाळ्यात सगळ्या सुया गाळतो, त्यामुळे उघडा दिसला म्हणून वाळलेला समजू नका.

तिथे दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलातही फिरायची, बेरी आणि अळंबी गोळा करायची मुभा आहे. पण मालकाला न विचारता जिवंत झाडाची फांदी तोडता येत नाही, म्हणून नमुने खाली पडलेलेच उचला.

आणि एक कळकळीची विनंती. उत्तरेकडे जमिनीवर करड्या-पांढऱ्या दगडफुलाचे गालिचे असतात. कोरड्या हवेत त्यांवर पाय देऊ नका, लगेच चुरा होतो. हे दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं आणि रेनडिअरांचं हिवाळ्यातलं मुख्य खाणं तेच आहे.