क्लबात सेंटर, मग प्रातिनिधिक संघाच्या चाचणीत हूकर का?

क्लबकडून सेंटर (मागच्या फळीत चेंडू घेऊन धावणारा) खेळणाऱ्या मुलाला वयोगटाच्या रग्बी निवड चाचणीत हूकर का केलं, असं विचारलंत. रागावू नका. प्रत्येक क्लबातला सगळ्यात चपळ पोरगा सेंटर नाहीतर फ्लाय-हाफ (मागच्या फळीला चेंडू पुरवून डाव चालवणारा) असतो, त्यामुळे चाचणीला तिथे रांग लागते. पुढच्या फळीत मात्र कायम टंचाई. ही फळी म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघ वाकून एकमेकांना रेटतात तेव्हा, सगळ्यात पुढे भिडणारे तिघं: मधे हूकर, दोन्ही बाजूंना प्रॉप. जागतिक नियमांप्रमाणे 22 जणांच्या संघात प्रॉप-हूकर खेळू शकणारे किमान 5 लागतात, तेही स्क्रमची तालीम झालेले. 19 वर्षांखालच्या सामन्यांत स्क्रम दीड मीटरपलीकडे रेटता येत नाही, म्हणून नुसतं वजन कामाचं नाही. मान-खांदे तयार नसतील तर सरळ नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. खेळायचंच असेल तर लाइनआउटची फेक रोज घोटवा, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू रेषेवरून दोन रांगांच्या मधे आत फेकणं; ते काम बहुधा हूकरचंच. मी तरी हूकरमध्ये आधी तेच बघतो.