आईला स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू आहे. अंगातून वाफा येतात म्हणून सोबत डाँग क्वाई दिली तर चालेल का? (कोल्हापूर)

नका देऊ. या चिनी मुळीचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर दिसलाय, आणि टॅमॉक्सिफेन स्तनात नेमकं इस्ट्रोजेनलाच अडवतं. रक्त पातळ करणारं वॉर्फरिनही चालू असेल तर धोका मोठा: आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढतो, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ शकतं. ‘झाडपाल्याचं आहे, काय होतंय?’ म्हणणाऱ्यांचं कृपया ऐकू नका.

आधीच दिली असेल तर लपवू नका. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) दाखवत असाल किंवा खासगीत, डबीच सोबत न्या. रोज किती, कधीपासून, हे सांगा. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनलाही सांगा. वाफांवर वेनलाफॅक्सिनसारखी औषधं डॉक्टर देऊ शकतात. पॅरॉक्सेटिन मात्र टाळतात, त्याने टॅमॉक्सिफेनचा असर कमी होऊ शकतो.