वाचकांचे प्रश्न : इमारत उडाली कशी?

प्रश्न : चिनी दिग्दर्शक ज्या झांगके याच्या ‘स्टिल लाइफ’ या चित्रपटात (२००६) मध्येच एक इमारत रॉकेटसारखी उडून जाते आणि कुणी चकार शब्द काढत नाही! शिवाय पडद्यावर ‘सिगारेट’, ‘दारू’ अशी अक्षरं उमटतात. आमच्या चित्रपट मंडळात यावरून वाद झाला. – एक वाचक, नाशिक

उत्तर : इमारत खरीच होती, उडणं तेवढं संगणकाचं. यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणापायी फेंगजिए गाव पाडलं जात असतानाच हे चित्रीकरण झालं. तिथं विस्थापितांचं स्मारक म्हणून बांधायला घेतलेला मनोरा अर्धवट पडून होता, तोच हा. दोन हजार वर्षांचं गाव बघता बघता भुईसपाट होतंय. तिथं एखादी इमारत उडाली तर कोण दचकणार?

अक्षरं चार आहेत : सिगारेट, दारू, चहा, टॉफी. टंचाईच्या काळात पाहुण्याच्या हातावर ठेवायच्या या वस्तू. पुन्हा पाहाल तेव्हा त्या कोण कुणाला देतं आणि कोण नाकारतं, तिकडे लक्ष ठेवा. चित्रपटाचा नायक, शांशी प्रांतातला खाणकामगार सानमिंग, सोळा वर्षांपूर्वी निघून गेलेल्या बायकोला शोधत येतो, तर हातातला पत्ता पाण्याखाली. मेव्हण्याला दारू देऊ करतो, तो घेत नाही. शेवटाकडे पडक्या इमारतीत नवराबायको टॉफी वाटून खातात आणि मागे एक उंच इमारत कोसळते.

नोटांचा प्रसंगही चुकवू नका. पाडकाम करणारे मजूर १० युआनच्या नोटेवर आपल्या भागातली घळ दाखवतात. सानमिंग ५० च्या जुन्या नोटेवरचा पीत नदीचा धबधबा दाखवतो. दोघांचीही गावं नोटेवर, आणि खिशात मात्र तीच नोट टिकत नाही!

मोबाइलवर पाहिलात तर फसाल. निम्मी गोष्ट मागच्या भिंतींवर आहे : पाणी कुठवर चढणार त्याच्या रंगवलेल्या खुणा. (धरणाची अंतिम पातळी १७५ मीटर.)

प्रश्न : याला ‘स्वतंत्र’ सिनेमा म्हणायचं का? पुढे काय पाहावं? – त्याच मंडळातून

उत्तर : परवान्याच्या दृष्टीनं नाही. सरकारी परवान्याशिवाय चीनमध्ये चित्रपट थिएटरात लागत नाही, आणि याला तो होता. दिग्दर्शक ज्या झांगकेचे पहिले तीन चित्रपट मात्र परवान्याविना झाले. त्यातला पाकीटमाराचा ‘श्याव वू’ आधी पाहा, फेनयांग या त्याच्या स्वतःच्या गावातला. मग चिनी दिग्दर्शक वांग बिंगचा ‘वेस्ट ऑफ द ट्रॅक्स’ : शेनयांग शहरातल्या बंद पडत चाललेल्या कारखान्यांवरचा नऊ तासांचा माहितीपट, छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर टिपलेला. एका बैठकीचा हट्ट नको. तीन भाग आहेत, तीन रविवार ठेवा; पहिलाच चार तासांचा आहे, तेव्हा मध्यंतर आणि चहा आधीच ठरवा.